कोपऱ्यातला अंगठा

ताई जाऊन आठ महिने झाले, तेव्हा लेकीने भिंतीवर लावायला मावशीचा एक फोटो मागितला. मी म्हटलं, त्यात काय, कपाट उघड, अकरा अल्बम आहेत. दुपारभर आम्ही दोघी सगळा पसारा मांडून बसलो. माझं लग्न होतं, लेकीचा पहिला दात होता, शेजाऱ्यांचं मांजरसुद्धा चार वेळा होतं. ताई एकदाही नव्हती. असेल कशी? सगळे फोटो तिनेच काढलेले.

ओळखपत्रावर एक आहे म्हणा, पण त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. तो भिंतीवर लावला असता तर ताईने मला फैलावर घेतलं असतं.

मग मला कॅमेरा आठवला. पहिल्या पगारातून घेतलेला, जड, कातडी पिशवीतला. त्याला बघायची काच वेगळी आणि फोटो घेणारी काच वेगळी होती. त्यामुळे समोरच्या काचेवर बोट आलं तरी काढणाऱ्याला पत्ता नसायचा. ताईचं बोट तर हमखास यायचं. "ताई, बोट!" हे आमच्या घरात फोटो काढताना म्हणायचंच वाक्य होतं, आणि ते म्हणायचा मान माझा. बोट आलेले फोटो ताई अल्बममध्ये लावायची नाही, फाडून टाकायची.

कॅमेऱ्यात एक रोल तसाच राहिला होता. आकडा एकतिसावर होता. बघताक्षणी मला आठवलं, एकतिसावा फोटो मी काढला होता. तळ्याकाठच्या आमच्या शेवटच्या सहलीत मी कॅमेरा अक्षरशः हिसकावून घेतला होता. ती "माझा कशाला, रोल वाया जाईल" म्हणत होती. मग केस कानामागे सारून कठड्याला टेकली आणि हसली. तसं पोटभर हसताना मी तिला फार कमी वेळा पाहिलं होतं. म्हणजे ताई त्या रोलमध्ये होती. नुसती बाहेर काढायची बाकी होती.

रोल धुऊन देणारं एकच दुकान उरलंय, मोठ्या रस्त्यावरचं. आता तिथे मुख्य धंदा कपावर आणि उशीवर फोटो छापायचा. रोलचं काउंटर सगळ्यात मागे, जिन्याशेजारी. तिथल्या मुलीने रोल असा उलटसुलट करून पाहिला, जणू मी तिच्या हातात मेलेली पाल ठेवली होती.

"आठ दिवस लागतील, काकू. लॅबला जातो."

"जपून हं. त्यात माझी बहीण आहे."

"हो, हो," ती मोबाइलकडे बघत म्हणाली.

आता मी काही काउंटरच्या दुनियेत नवीन नाही. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पॅन्ट आखूड करायची, चेन बदलायची, जाड झालेल्यांना जागा करून द्यायची. "उद्या नक्की" हे मी रोज दहा जणांना सांगते, त्यामुळे थाप कशी ऐकू येते ते मला कळतं. हे काम ताईनेच शिकवलं. आई लवकर गेली, मी अकराची आणि ताई एकोणीसची. पहिल्याच आठवड्यात मशीनवर कापड सरकलं आणि माझा हात सुईखाली चालला. तिने मध्ये हात घातला. सुई तिच्या डाव्या अंगठ्यातून आरपार गेली. ती ओरडली नाही, मीच बोंब ठोकली. जखम भरली, पण पुढे हळूहळू ती बेतायचं आणि कापायचं बघू लागली आणि मशीन माझ्याकडे आलं. तेव्हा मला वाटलं, मला बढती मिळाली.

आठ दिवसांनी गेले तर "आला नाही अजून." अकराव्या दिवशी "सिस्टिममध्ये दिसत नाहीये." तेराव्या दिवशी मुलगी जेवायला गेली होती आणि तिच्या जागेवरचा माणूस म्हणाला की तो उशांचा आहे. पंधराव्या दिवशी पाकीट मिळालं. मी तिथेच उभ्या उभ्या मोजले. बावीस.

"एकतीस होते."

"खराब फ्रेम आम्ही छापत नाही, काकू. तुमचाच फायदा."

"माझा फायदा मला न विचारता कोण ठरवतं?"

"तशी पॉलिसी आहे."

माझा पारा चढला. मी म्हटलं, उद्या मी तुझ्या ड्रेसची एक बाही शिवली नाही आणि म्हटलं की ती खराब होती, तर चालेल का? मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. मुलीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर इतक्या गोड आवाजात माफी मागत होता की मला आणखीच राग आला. शेवटी ठरलं: उरलेले नऊही छापायचे, "शक्य तेवढे दुरुस्त करून." मी घाईघाईत हो म्हटलं. फोटो थोडा हलला असेल, जरा नीट करतील, एवढंच माझ्या डोक्यात. दुरुस्ती या शब्दावर माझं पोट आहे. त्याला मी कशी हरकत घेणार?

ते आठ दिवस मी वेड्यासारखे काढले. भिंतीवरची जागा पुसून ठेवली, खिळा ठोकला. रात्रीच्या जेवणाला बसलं की वाटायचं, आता चार दिवस, आता तीन. माणूस गावाहून यायचा असावा तशी मी तिची वाट बघत होते.

पाकिटात आठ फोटो होते आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं: एकतीस नंबर कोरी.

"कोरी म्हणजे?"

"त्यात काहीच आलेलं नाही. काचेवर झाकण राहिलं असेल," मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच ती मोबाइल खाली ठेवून बोलत होती. "जुन्या कॅमेऱ्यात होतं असं. बघताना कळत नाही."

झाकण. मी काढलंच नव्हतं. मला कळलं नसणार, पण ताई तर समोर उभी होती. तिला ते काळं झाकण ढळढळीत दिसत असणार. फोटो येणार नाही हे बघूनच ती इतकी निवांत हसली होती. माझी लबाड, लबाड बहीण. मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

मग नुसतं काहीतरी करायचं म्हणून ते आठ फोटो पाहिले. तळं, कठडा, लेक, मी. सगळं लख्ख, स्वच्छ, कॅलेंडरवर छापावं तसं. त्या आठांत कुठेतरी काहीतरी चुकत होतं. ताईने काढलेले फोटो असे दिसत नाहीत.

"यांच्यात बोट कुठे गेलं?"

"काढलं ना!" मुलगी खूश झाली. "सगळ्या आठमध्ये होतं. किती कोपरा खाल्ला होता! वर आमचे दादा आहेत, त्यांनी पाणी बिणी भरून असं बेमालूम केलंय. त्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत."

"मला ते बोट पाहिजे."

"काय?"

"बोट. परत घाल."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या जागी मीही असंच बघितलं असतं. "काकू, निगेटिव्ह कुणी नेत नाही, आम्ही टाकून देतो. आणि लॅब म्हणजे..." तिने नकळत जिन्याकडे पाहिलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. लॅब वरच होती. तेवीस दिवस मला तंगवत ठेवून तो रोल सतरा पायऱ्या चढत-उतरत होता. "तिकडे जायला परवानगी नाही," ती म्हणेपर्यंत मी सातव्या पायरीवर होते.

वर छोटी खोली होती. आंबूस वास, दोरीला चिमट्यांनी अडकवलेल्या फिल्मच्या पट्ट्या, आणि स्क्रीनला नाक लावून बसलेला चाळिशीचा माणूस. मी धापा टाकत म्हटलं, "माझ्या रोलची निगेटिव्ह फेकलीत का?"

"कुठला रोल?"

"तळ्याचा. बोट असलेला."

"तो अंगठ्याचा?" त्याने खण ओढला. "नाही फेकला. जिवावर आलं."

मी म्हटलं, "अंगठा कशावरून?"

"दोन दिवस तोच पुसत होतो की. आधी वाटलं, निष्काळजीपणा आहे. पण बघा, कॅमेरा कुठे जरासुद्धा हललेला नाही. हात पक्का आहे. फक्त आठही ठिकाणी, त्याच कोपऱ्यात, त्याच कोनात डावा अंगठा." त्याने आपला डावा हात हवेत कॅमेरा धरल्यासारखा केला आणि अंगठा सरळ ताठ ठेवला. "हा असा. मला वाटतं, त्यांचा अंगठा वाकत नसणार. मग किती जपलं तरी कधीतरी मध्ये येणारच. कोण होतं ते?"

मी स्टुलावर बसले. त्याने विचारलं नव्हतं तरी बसले.

चाळीस वर्षं मी तो अंगठा बघत होते. ताई डबा उघडायला उजवा हात वापरायची, बटण लावायला मला द्यायची, "तुझं बोट बारीक" म्हणायची. मी कधी दोन आणि दोन चार केले नाहीत. आणि चाळीस वर्षं मी ओरडत होते. एकदाही ती म्हणाली नाही की, अगं, हे तुझ्यामुळेच झालंय. फोटो फाडून टाकायची, झालं.

"माझी बहीण," मी म्हटलं. "तिचा दुसरा धड फोटो नाही माझ्याकडे." मग मला रडू आवरेना. त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि पाठ फिरवून कामाला लागला. भला माणूस.

"कुठला छापू?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"ज्यात ती सगळ्यात मोठी आहे तो."

लेक संध्याकाळी आली तेव्हा फोटो भिंतीवर होता. डावीकडचा जवळजवळ अर्धा भाग नुसता धूसर, तांबूस, कडेने उन्हाने उजळलेला. नख नाही, रेघ नाही, ज्याला माहीत नाही त्याला अंगठाही वाटणार नाही. उरलेल्या अर्ध्यात मी, हात वर केलेला, कपाळाला आठ्या, तोंड उघडं.

लेक फोटोजवळ गेली. "आई, तू कुणावर ओरडतेयस?"

"मावशीवर. बोट काढ म्हणून."

"मग तिने काढलं का नाही?"

मी तिला जवळ बसवलं आणि अकरा वर्षांच्या एका मुलीचं कापड कसं सरकलं, तिथपासून सांगायला सुरुवात केली.