जिभेला चिकटणारं हाड

कोळ्याच्या पोराला मासळीची शिसारी यावी, यावर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या बायका पोट धरधरून हसत. परशुराम वैती मात्र त्या वासापासून पळत पळत डोंबिवलीपर्यंत येऊन पोचला होता. कॉलेजात तो भूशास्त्र शिकवी, घरात सुका बोंबीलसुद्धा येऊ देत नसे, आणि विधवा आई, आवडाबाई, त्याच्याकडे राहायला आली तेव्हा तिची लुगडीही त्याने दोनदोनदा धुवून घेतली होती. दगडाला वास नसतो, म्हणून तर त्याने दगड पत्करले होते.

१९८७च्या उन्हाळ्यात त्याच्या टेबलावर एक जबडा होता, वरचा आणि खालचा दोन्ही भाग. नागपूरकडच्या गाळाच्या खडकात तो त्याला स्वतःला सापडला होता, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. मगरीचा की अ‍ॅलिगेटरच्या घराण्यातला, एवढंच ठरायचं होतं. मगरीने तोंड मिटलं तरी खालचा चौथा दात बाहेरून दिसतो. अ‍ॅलिगेटरचा वरच्या जबड्यातल्या खळग्यात जाऊन लपतो. या जबड्यातली ती जागा खडकाने बुजली होती. तिथे खळगा मोकळा होऊन दात त्यात बसला, की परशुराम आपल्याकडे कुणी न पाहिलेल्या प्राण्याला नाव देणार होता, आणि वर्षानुवर्षं रखडलेली डॉक्टरेट पदरात पडणार होती. रविवारी त्याचे गाइड, सीताराम सर, पुण्याहून मुद्दाम पाहायला यायचे होते.

रोज सकाळी तो खडक मऊ करायला व्हिनेगरचा बोळा ठेवून, दातांच्या डॉक्टरकडून मागून आणलेल्या सुईने तो खळगा कोरी. हाड कुठे संपलं आणि खडक कुठे सुरू झाला याचा संशय आला, की सरांनी शिकवलेली जुनी युक्ती करी: जीभ लावून पाही. खडक नुसता गार लागतो. जुनं हाड आतून कोरडं ठाक, ते जिभेची ओल पिऊन घेतं आणि चिकटून बसतं.

"शी!" आवडाबाई तोंड फिरवी. "मेलेल्याचं हाड चाटतंस, आनि माझा बोंबील तुला नको!"

आधी जीभ चांगली चिकटत होती. मग चिकटेनाशी झाली. खळग्यातून भुकटी निघायची त्या जागी चिखल निघू लागला, आणि एका सकाळी सुईच्या टोकाला गुलाबी, चिवट असं काहीतरी लोंबलं. परशुरामने ते बोटाने पुसलं आणि बोट हुंगलं. पाटीच्या तळाशी राहून सडलेल्या मासळीचा वास, लहानपणीचा, जसाच्या तसा. त्याने जबडा साबणाने धुतला आणि गच्चीवर रणरणत्या उन्हात ठेवला. संध्याकाळी खाली आणला तेव्हा तो आधीपेक्षा ओला होता. तहानेने जीव कासावीस होत होता तो परशुरामचाच. माठ रिता केला तरी घसा ओला होईना.

"बाला, यो ताजा हाय," आवडाबाई लांबूनच म्हणाली. "टाक खाडीत."

"आई, दगड आहे तो."

"दगडावर माशा बसत्यात काय रं?"

रविवारी सर आले. खळगा मोकळा झाला होता, आणि खालचा चौथा दात त्यात चपखल बसत होता. सर लहान मुलासारखे हरखले; वास त्यांच्या ध्यानातही आला नाही. "परशुराम, जिंकलास! अ‍ॅलिगेटरच!" म्हणत त्यांनी सवयीने जबडा उचलला आणि जीभ लावली.

ते धावत मोरीत गेले. पुन्हा पुन्हा चुळा भरल्याचा, थुंकल्याचा आवाज बाहेर येत राहिला. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कसलं तरी ताजं मढं आणून मला फसवतोस? मला?" एवढंच बोलून ते चहाही न घेता निघून गेले. आता पुण्यातच काय, कुठल्याच विद्यापीठात आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही, हे परशुरामला कळलं. त्याला रडू आलं. डोळ्यांत पाणी मात्र येईना.

आवडाबाई त्याच्याजवळ येऊन बसली. त्याच्या गालावर पांढरी भुकटी दिसत होती. शाळेत पाठवताना करायची तसा तिने अंगठा जिभेवर ओला केला आणि ती पुसायला गालावर टेकवला. अंगठा सरकेना. तिने ओढून पाहिला, तर त्याची मानच तिच्याकडे वळली.

"सोड ना रं, बाला," ती हसत म्हणाली, आणि मग हसायची थांबली.