बुडाची फळी

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे. आज तुम्ही मला पाहिलंत तर नाव म्हणणार नाही. माझ्या एका बाजूच्या तेवढ्या फळ्या उरल्या आहेत आणि त्यांची गव्हाण करून बैलांना कडबा टाकतात. तरीही मी नावच आहे. माझ्याबद्दल गावात भलतीच गोष्ट सांगतात, म्हणून खरी हकीकत मीच सांगते.

निजामाचं राज्य गेलं, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी तयार झाले. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. अल्याड आमचं गाव, पल्याड सोनपेठची वाट, आणि मधे पूल नाही. सुतारानं सागाच्या फळ्या तासल्या, बाभळीच्या वाकड्या फांद्यांच्या बरगड्या बसवल्या. सांध्यांत अंबाडीचे पीळ कोंबून वरून डांबर फासलं. ते पीळ बायनाबाईनं वळले होते. माझा नावाडी आश्रुबा भोई, त्याची ही बायको. प्रत्येक पिळाच्या टोकाला ती दुहेरी गाठ मारायची. "गाठ असली की पाणी वढून नेत न्हाई," म्हणायची.

त्या पावसाळ्यात रझाकारांना भ्यालेली माणसं मी पार नेली. मग फौज आली, राज्य बदललं आणि दुसरी माणसं भ्याली. त्यांनाही मीच नेलं. आश्रुबानं कुणाला जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. पुढची वर्षं सुखाची गेली. सासरी निघालेल्या पोरी माझ्या काठाला हळदकुंकू लावत. अडलेल्या बाईला घेऊन लोक धावत यायचे, तेव्हा आश्रुबा हातातली भाकर टाकून वल्ही उचलायचा. "आश्रुबाची नाव" असंच मला सगळे म्हणत. मी मात्र आश्रुबाची नव्हते. नाव चालवण्याचा गुत्ता, म्हणजे सरकारी ठेका, किशनरावांकडे होता. मी त्यांची आणि आश्रुबा त्यांचा नोकर.

पाण्यात राहून लाकूड कुजतं, त्यात नवल नाही. एका उन्हाळ्यात आश्रुबानं मला वाळूवर पालथं घातलं. माझ्या बुडाच्या एका फळीवर त्यानं अंगठा दाबला, तर तो आतच गेला. तो तसाच किशनरावांच्या वाड्यावर गेला आणि त्यांना घाटावर घेऊन आला.

"मालक, बुडाची फळी गेली. हात लावला की चुरा व्हायलाय. पावसाच्या आत बदलावी लागती."

किशनरावांनी वाकूनही पाहिलं नाही. "डांबर फास दोन हात. दिवाळी झाल्यावर बघू."

"डांबरानं भागत न्हाई, मालक. माणसं बसतेत हिच्यात."

"तुला लय कळायलंय! सांगितलं तेवढं कर."

आश्रुबानं डांबर फासलं. बायनाबाईनं पीळ वळून दिले. कुजलेलं लाकूड काळं चकचकीत झालं आणि नव्यासारखं दिसू लागलं.

पोळ्याच्या आदल्या बाजाराची गोष्ट. सोनपेठहून परतणारी माणसं पल्याडच्या काठावर गोळा झाली होती. कुणाकडे बैलांचे गोंडे, कुणाकडे घुंगरमाळा, कुणाकडे शिंगं रंगवायचा हिंगूळ. वर कुठे तरी पाऊस झाला होता आणि गंगा गढूळ होऊन चढत होती. आश्रुबा म्हणाला, "निम्मी माणसं आता नेतो, निम्मी मागून."

किशनराव बाजारातून येऊन तिथंच उभे होते. "पाणी वाढायलंय. दुसऱ्या खेपेला येळ न्हाई. समद्यांला बसीव."

"नावंला पेलायचं न्हाई, मालक."

"तुला जमत न्हाई तर वल्हं ठिव खाली. मुंजाजी नेईल."

मुंजाजी हा किशनरावांचा दुसरा गडी. त्यानं पुराच्या पाण्यात वल्हं कधी धरलं नव्हतं. आश्रुबानं त्याच्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि वल्हं सोडलं नाही. आपण नेलं तर निदान काही तरी वाचेल, असं त्याला वाटलं असेल. किशनराव मात्र स्वतः बसले नाहीत. सोनपेठला काम आहे म्हणाले.

मधल्या धारेत ती फळी फुटली. पाणी एकदम वर आलं. तानुबाई नावाची म्हातारी नेमकी तिथं बसली होती. तिनं आपलं गाठोडं त्या भोकावर दाबलं, वर स्वतः बसली आणि ओरडली, "फळी गेली रं आश्रुबा, बुडाची फळी गेली!" मग सगळे एका बाजूला धावले आणि मी कलंडले. बायका लेकरांना हाका मारत होत्या, आणि त्या हाकांत घुंगरमाळा वाजत होत्या. मी पालथी झाले, मग ते आवाजही बंद झाले.

आश्रुबानं आधी तानुबाईला काठावर नेलं. तो पुन्हा आला, आणखी कुणाला घेऊन गेला. असा तो येत राहिला, शेवटी त्याचे हात उचलेनात. बरीच माणसं गेली. तानुबाईची सून गेली. आश्रुबा जगला, आणि तेच लोकांना सहन झालं नाही.

चौकशीला माणसं आली. किशनराव म्हणाले, "दारू पिऊन व्हता." आश्रुबा माळकरी होता, दारूला शिवत नव्हता. तो कुजक्या फळीचं सांगत राहिला. साहेबानं विचारलं, "नाव कुठं आहे?" नाव कुणालाच सापडली नव्हती. मग तानुबाईला विचारलं. तिचा मुलगा किशनरावांकडे सालदार होता, वर्षभराचं पोट त्यांच्या दारात बांधलेलं. ती मान खाली घालून म्हणाली, "मला काय ठावं न्हाई साहेब. मी घाबरले व्हते." आश्रुबाला शिक्षा झाली.

मी कुठं होते? खालच्या डोहात, गाळात रुतून पडले होते. बायनाबाई काठाकाठानं फिरायची. धुणं धुणाऱ्या बायांना, मासे धरणाऱ्यांना विचारायची, "माझी नाव दिसली का वं?" उन्हाळ्यात डोह आटला आणि माझी एक बरगडी वर आली. पण मी तिला दिसण्याआधी किशनरावांच्या माणसांना दिसले. त्यांनी मला भर दुपारी ओढून काढलं, कुऱ्हाडीनं फोडलं. बुडाची फळी किशनरावांनी समोर उभं राहून जाळली. चांगल्या फळ्यांची गव्हाण केली.

गावाला सांगितलं, नाव गंगेनं गिळली. लोकांना ही गोष्ट फार आवडली. पोळा आला की डोहातून घुंगरं ऐकू येतात म्हणे. पुनवेला मी रिकामीच धारेवर फिरते म्हणे! किशनरावांनी डोहावर नारळ फोडला, दगडाला शेंदूर लावला. मी त्यांच्या गोठ्यात बैलांची लाळ अंगावर घेत होते आणि लोक डोहापुढे हात जोडत होते.

आश्रुबा शिक्षा भोगून सुटून आला. त्याला कुणी काम देईना. बायनाबाई किशनरावांच्या गोठ्यात शेण काढायला येऊ लागली. एके सकाळी कडबा टाकताना तिची बोटं माझ्या सांध्यातून फिरली आणि थांबली. तिनं आतलं डांबर नखानं खरवडलं. अंबाडीचा पीळ निघाला, टोकाला दुहेरी गाठ. ती उठली आणि भर रस्त्यातून ओरडत गेली, "अवं, नाव घावली! आपली नाव घावली!"

आश्रुबा आला, गाव गोळा झालं. किशनरावही आले.

"मालक, ही आमची नाव हाय," बायनाबाई म्हणाली. "बुडाची फळी कुठाय?"

"नाव? ही गव्हाण हाय बाई. डोकं फिरलंय तुझं."

बायनाबाई गर्दीकडे वळली. "तानुमावशी, तुमी व्हता ना फळीवर? यांनी तुमाला पाठीवर घेऊन काढलं. आता तरी बोला."

तानुबाईनं किशनरावांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे वैरण घेऊन उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे. पदर तोंडाला लावून ती निघून गेली. तिच्या मागोमाग एकेकजण गेला. नवी नाव किशनरावांचीच होती आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बाजारला जायचं होतं.

आश्रुबानं माझ्यावर एकदा हात फिरवला. "चल," तो बायकोला म्हणाला. त्या वर्षी उसाच्या तोडीला गेलेल्या गाड्यांत ती दोघं गेली. परत आली नाहीत.

मित्रांनो, नाव असो की गाडी, वेळेवर तिची डागडुजी करा, हे मी सांगायला हवं आणि सांगते. पण तेवढ्यानं भागत नाही. एखादी नाव बुडाली की भुताच्या गोष्टी ऐकत बसू नका. ती कुणाची होती आणि दुरुस्ती कुणी अडवली, ते विचारा. तुम्हाला विचारायचं धाडस झालं नाही, तर निदान जी बाई विचारते आहे तिच्या शेजारी जाऊन उभे राहा. त्या सकाळी अख्खं गाव गोठ्यात होतं, आणि बायनाबाईच्या शेजारी फक्त बैल उभे होते.