न तुटलेली चेन

मी पिवळी सायकल बोलतेय. रंगावर जाऊ नका. मूळची मी गर्द हिरवी. दोन वर्षांपूर्वी सायकलींची एक मोठी शर्यत या रस्त्याने जायची होती, तेव्हा नेदरकोट गावाला हौस आली. त्यांनी मला हा हळदीसारखा पिवळा रंग फासला, पुढे टोपली बांधली, टोपलीत जिरेनियमची रोपं लावली. शर्यत दीड मिनिटात निघून गेली. मी मात्र अजून इथेच, पांढऱ्या खांबाच्या फाट्यावर, खांबाला बांधलेली आहे.

माझा जन्म वूस्टर शहरातल्या एका लहानशा कारखान्यातला. माझ्या सांगाड्याच्या नळ्या कापण्याआधी कारागिराने लेनर्ड बेबला उभं करून त्याचे पाय मापले, शिंप्याने मापावेत तसे. लेनर्ड तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि टेमब्रिजला बी-बियाण्यांच्या दुकानात काम करायचा. मला घरी नेताना तो निम्म्या वाटेत उतरला आणि पावसाचे चार थेंब पडले म्हणून स्वतःच्या कोटाने मला पुसलं. अशा माणसावर कुणाचा जीव जडणार नाही?

दर रविवारी सकाळी नऊला टेमब्रिजच्या दगडी पुलावर आमचं सायकल मंडळ जमायचं. इथला मुलूख धड सपाट नाही, धड डोंगराळ नाही. चढ संपला म्हणून हुश्श करावं तर उतार, उतारावर जरा वारा खावा तर पुन्हा चढ. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं आणि मधून अरुंद रस्ता. काळ्या तुळयांच्या पांढऱ्या घरांची गावं मागे पडत जायची. विस्टॉकच्या चर्चचा मनोरा कलला आहे. तो नदीकडे कलला की टेकडीकडे, यावर मंडळात वर्षानुवर्षं वाद चालला आणि कुणीही उतरून पाहिलं नाही. शेवटी प्रीसबाईंचं चहाघर. तिथे शहाजिरं घातलेला केक मिळायचा आणि "चिखलाचे बूट बाहेर!" अशी ओरड मिळायची.

आमच्या मंडळाचा एक नियम होता. वळण आलं की सगळ्यांत पुढच्या स्वाराच्या मागे जो असेल त्याने तिथे उतरून कोपऱ्यावर उभं राहायचं आणि येणाऱ्याला वाट दाखवायची. सगळ्यांत मागे जो असेल, तो शेपूट. शेपटाने कोपऱ्यावर पोचताच हाक द्यायची, "शेवटचा!" ती हाक आली की कोपऱ्यावरचा मोकळा. तोवर वीज पडो की वादळ येवो, कोपरा सोडायचा नाही.

लेनर्ड नेहमी शेपूट. पंप, पान्हे, पंक्चरचं सामान त्याच्याकडे असायचं. कोपऱ्यावर बहुधा ऑब्रे गिटिन्स. हा घड्याळं दुरुस्त करायचा आणि गावच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटी पितळी तुतारी, वाजवायचा. दोघं शाळेपासूनचे मित्र.

"काय रे शेपटा, आज आलास म्हणायचं!" ऑब्रे दर कोपऱ्यावर टोमणा मारायचा. "मला वाटलं, वाटेत म्हातारा होऊन मेलास."

"तू आपला उभा राहा बुजगावण्यासारखा. पाखरं तरी हाकलली जातील."

आणि मग दोघं जोडीने पुढे निघायचे. ते दिवस आठवले की अजून माझी गंजलेली चाकं फिरू पाहतात.

तो मार्च महिन्यातला रविवार होता. दुपारी एकच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि पावसाबरोबर बर्फाचा चुरा पडू लागला. वारा तोंडावर. लेनर्डची बोटं ब्रेकवर लाकडासारखी झाली होती. या फाट्याच्या अलीकडे दीड मैलावर एक वाट डावीकडे उतरते, ती थेट टेमब्रिजला जाते. तिथे तो थांबला. समोर लांबलचक चढ आणि त्याच्या टोकाला, या फाट्यावर, ऑब्रे.

"एवढ्या पावसात तो काय थांबतोय?" लेनर्ड मला म्हणाला. "गेला असेल केव्हाच पुढे. ऑब्रे काही कुक्कुलं बाळ नाही."

आणि त्याने माझं हँडल डावीकडे वळवलं. खरं सांगायचं तर मलाही तो उतार आवडला. वारा पाठीशी आला, चाकं आपोआप पळू लागली. अर्ध्या तासात आम्ही घरी होतो आणि लेनर्ड शेगडीपुढे पाय शेकत बसला होता.

ऑब्रे थांबला होता. चहाघरातल्या मंडळींना वाटलं, असल्या हवेत शेपूट आणि कोपरा दोघं मिळून घरी वळले असतील. उगाच कशाला कुणाच्या मागे चौकशीचा ससेमिरा लावायचा, असा आमच्या लोकांचा स्वभाव. अंधार पडता पडता एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन फाट्यावरून चालला होता, त्याला खांबाला टेकलेला माणूस दिसला. ओठ निळे, दातावर दात वाजत होते.

"चल, बस मागे," शेतकरी म्हणाला.

"नको, आभारी आहे. शेपूट यायचंय अजून."

त्याला उचलूनच न्यावं लागलं. न्यूमोनिया झाला. नऊ आठवडे तो अंथरुणावर होता. जगला, पण छाती कायमची अधू झाली. पुन्हा सायकल नाही, पुन्हा कॉर्नेट नाही. त्या नाताळात बँड आमच्या गल्लीत वाजवत आला, तेव्हा लेनर्डने उठून खिडकी लावून घेतली.

मार्चमधल्या त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, लेनर्डला सगळं कळलं तेव्हाच तो दुकान सोडून धावला होता. ऑब्रेची बायको विनी दारात उभी होती, रडून डोळे सुजलेले. "लेन, तू कुठे होतास रे?" एवढंच तिने विचारलं. त्यात आरोपही नव्हता.

"चेन तुटली," लेनर्ड म्हणाला. "खालच्या वाटेने चालत गेलो."

माझी चेन! ठणकावून सांगते, माझी चेन त्या दिवशी तुटली नाही आणि पुढेही कधी तुटली नाही. मी बाहेर कुंपणाला टेकून हे ऐकत होते. त्या क्षणी तोंड असतं तर ओरडले असते. पण मग वाटायचं, उतार तर मलाही आवडला होता. मी कुठल्या तोंडाने बोलणार?

जूनमध्ये लेनर्डचा वाढदिवस होता. ऑब्रे काठी टेकत आला, दर पाच पावलांवर थांबत. खाकी कागदात गुंडाळलेली वस्तू त्याने पुढे केली. नवी कोरी चेन.

"घे. तुटलेल्या चेनीने माझे नऊ आठवडे खाल्ले, आता हिने तरी नीट चालावं," तो हसला आणि हसता हसता खोकला. "आणि जुनी कुठेय? आण, एक कडी बदलून देतो. धडधाकट होईल."

"टाकून दिली रे," लेनर्ड म्हणाला.

टाकली नव्हती. माझ्या अंगावरच होती. त्या संध्याकाळी लेनर्डने ती काढली, नवी चढवली आणि जुनी शेडमध्ये खिळ्याला अडकवली. एक खोटं झाकायला दुसरं लागतं, आणि दुसरं रोज खिळ्यावर लटकताना दिसतं.

नंतर कितीतरी वेळा तो ती चेन कोटाच्या खिशात घालून ऑब्रेकडे गेला. दरवेळी मीच त्याला नेलं. फाटकापर्यंत शब्द अगदी ओठांवर असायचे. मग दार उघडायचं, विनी म्हणायची, "ये लेन, आधी चहा घे." इथेच घोडं पेंड खायचं. चहाबरोबर हवा निघायची, हवेवरून कांद्याचे वाफे, वाफ्यांवरून गोगलगायी. तासाभराने लेनर्ड बाहेर यायचा तेव्हा चेन खिशात तशीच असायची. अशी पंचेचाळीस वर्षं गेली. आमच्या लोकांना गोगलगायींवर तासभर बोलता येतं, पण "माझं चुकलं" हे दोन शब्द काही केल्या बाहेर पडत नाहीत.

एका रविवारी मात्र त्याने सकाळीच दाढी केली, चेन खिशात घातली आणि मला म्हणाला, "आज चहा नाही घ्यायचा. आधी बोलायचं." चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला होता. चढावर उतरून मला ढकलत नेलं. ऑब्रेच्या घराचे पडदे ओढलेले होते.

विनीने दार उघडलं. "लेन! तुला कळलं होय? काल दुपारी गेला रे. झोपेतच."

लेनर्ड पायरीवर उभा राहिला, टोपी हातात.

"तुझं नाव नेहमी काढायचा," विनी म्हणाली. "म्हणायचा, त्या दिवशी चेन तुटली नसती ना, तर लेन बर्फातून रांगत आला असता. कुणाला मागे सोडणाऱ्यातला नाही तो."

"विनी, मला एक सांगायचं होतं."

"सांग ना. आधी चहा घे."

आणि तो आत गेला. त्याने चहा घेतला.

ऑब्रेला पोचवल्यानंतरच्या रविवारी लेनर्ड मला घेऊन या फाट्यावर आला. दुपारी एक वाजल्यापासून खांबाला टेकून उभा राहिला. हल्लीचे स्वार चकचकीत कपड्यांत येत-जात होते. एक बाई थांबली. "आजोबा, वाट चुकलात का?"

"नाही, आभारी आहे. कोपऱ्यावर आहे मी."

अंधार पडू लागला तेव्हा त्याने खिशातली चेन काढली, माझ्या हँडलला गुंडाळली आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून हाक दिली, "शेवटचा!" मग पुन्हा दिली. ज्याला मोकळं करायचं होतं तो तिथे नव्हता. लेनर्ड रडला. मी त्याला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांनी तोही गेला. "सायकल पांढऱ्या खांबाच्या फाट्यावर उभी करा आणि हलवू नका," असं त्याने मुलीला बजावून ठेवलं होतं. का, ते सांगितलं नाही. ते फक्त मला माहीत आहे. गावाने रंग फासला तेव्हा हँडलवरच्या चेनीलाही पिवळं करून टाकलं. येणारे-जाणारे तिला शोभा समजतात आणि तिच्यासकट माझे फोटो काढतात.

माझे टायर कुजलेत, ब्रेकच्या तारा गंजल्यात. फुलांना पाणी घालायला कुणी कधी येतं, कधी येत नाही. तक्रार नाही. कोपरा सोडायचा नाही, हा नियम मला ठाऊक आहे.

पण तुम्ही इथून जात असाल, तर एक विनंती आहे. तुमच्यासाठीही कुठल्याशा कोपऱ्यावर कुणी उभं असेल, तुमच्यावर भरवसा ठेवून भिजत असेल. त्याच्याकडे आजच जा. फाटकातूनच सांगायला लागा. चहा नंतर घ्या.