ब्रिंग, टेक आणि बाकीच्या शेळ्या

पालीत आमच्या वस्तीला रेंज मिळते ती फक्त वरच्या कातळावर. म्हणून माझी मुलाखतही तिथंच, आणि भोवती आमच्या पाच शेळ्या, कारण नेमक्या त्याच दिवशी आईला दुसरीकडं चारायला सुचेना. पुण्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला मुलगी हवी होती. तिथल्या मॅडम अकराला फोन करून इंग्रजीत मुलाखत घेणार होत्या आणि मी साडेदहापासूनच येरझारा घालत होते.

शेळ्यांची नावं मीच ठेवलेली. आणायचं म्हणजे ब्रिंग की टेक, यात माझा कायम घोळ, म्हणून जुळ्या करडांना तीच नावं दिली. शिंगं उगारणारी अँग्री विथ. दुधाला बरी ती गुड ॲट. पान हललं तरी बिचकणारी अफ्रेड ऑफ. हाका मारून मारून मला शब्द पाठ झाले, आणि आईलाही. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई वर्षभर रानात इंग्रजी ओरडत होती.

फोन आला. नाव, शिक्षण, सगळं धडाधड सांगितलं. तेवढ्यात शेळ्या हनुमंतकाकांच्या नाचणीत शिरल्या आणि आई कोकलली, "ए टेक! अफ्रेड ऑफ! हितं या मेल्यांनो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमना ते ऐकू गेलंच. मग त्यांनी इंग्रजीतच विचारलं, तुला कशाची भीती वाटते?

सापाची, हे उत्तर घोकून ठेवलं होतं. पण खाली आई काठी घेऊन एकटीच पळत होती, एक चप्पल मागं सुटलेली. मी म्हणाले, नोकरी लागेल याची. आई एकटी पडेल याची. इंग्रजी चुकलं की जमलं, देव जाणे. मॅडम म्हणाल्या, सोमवारी ये.

आई धापा टाकत वर आली. "काय इचारलं गं?"

"भीती कशाची वाटती म्हून."

"मग?"

"सापाची म्हनलं."

"गप. सापाला तू कवा भ्यालीस?"

तिनं अफ्रेड ऑफला जवळ ओढलं आणि तिच्या अंगातली कुसळं काढत बसली.

"लागली का नोकरी?"

"व्हय. सोमवारी बोलावलंय."

कुसळं संपली तरी तिचा हात थांबेना.

"जा तू," ती म्हणाली. "ह्यांची नावं तूच ठेवलीस न्हवं? हाक मारली की तुजंच तोंड दिसंल."