तिसरा ठोका

मलिकाबाईंच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. कुणी विचारलेच तर त्या सांगत, लहानपणी पाटा पडला. हे उत्तर त्यांच्या अम्मीने साठ वर्षांपूर्वी तयार करून दिले होते, आणि मलिकाबाईंनी ते इतक्या ठामपणे सांगत आणले होते की त्यावर शंका घेण्याची अहेरीत कुणाची छाती झाली नाही. खरी गोष्ट अशी की पाटा पडलाच नव्हता. तबला स्वरात आणण्यासाठी जी लहानशी लोखंडी हातोडी असते, तिने त्यांच्या अब्बांनी ती करंगळी मोडली होती. पेटीवर बोट चुकले म्हणून तीन ठोके, सारख्या अंतराने, शेवटचा नेमका समेवर. घरात याला मार म्हणत नसत. तालीम म्हणत.

त्याच अब्बांचे संगीत विद्यालय आता मलिकाबाई चालवीत होत्या. तीन खोल्या, एक ओसरी आणि मागे बोरीचे झाड. गायन आणि पेटी त्या स्वतः शिकवीत. तबला शिकवायला त्यांचा धाकटा भाऊ नूरुद्दीन होता. अब्बांचा हात त्याच्या हातात जसाच्या तसा उतरला होता आणि अब्बांची हातोडीही त्याच्याचकडे होती. तिसरा शिक्षक झिंगू. जंगलातल्या गावचा, चाळिशीचा, ढोल वाजवणारा. मलिकाबाईंनी त्याला आठवडी बाजारात ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतले. वर्षभरात तबल्याच्या वर्गात सात मुले उरली आणि ढोलाच्या वर्गात एकोणीस झाली. आपल्या मनातले बोलून दाखवण्याची नूरुद्दीनला सवयच नव्हती.

अब्बांच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम भाद्रपदातल्या एका दुपारी चार वाजता होता. त्या दिवशी नूरुद्दीन अब्बांचा दाया, म्हणजे उजव्या हाताने वाजवायचा तबला, बाहेर काढी. त्यावरची कातड्याची पुडी अब्बांनी मरण्याआधी स्वतःच्या हाताने चढवलेली होती, आणि वर्षातून एकदाच वाजत असल्यामुळे ती टिकून होती. पण त्या दिवशी हवा अशी दमट होती की पुडी स्वर धरीना. नूरुद्दीन तासभर स्वर चढवायच्या लाकडी गट्ट्यांवर ठोकत बसला. घाम नाकावरून गळत होता.

ओसरीतून झिंगू पाहत होता. "कातडं सर्द झालं, उस्ताद. शेकून पाहा ना थोडं."

"हे तुझं डफडं नाई, झिंगू. याले अक्कल लागते."

"अक्कल तं आमच्याकडं कमीच आहे. विस्तव मात्र आहे."

आतून मलिकाबाई हसल्या. ते हसू नूरुद्दीनला ऐकू गेले. तो उठला आणि शेरवानी घालायला घरी निघून गेला.

मागच्या अंगणात झिंगूने पालापाचोळा पेटवला. ढोलाचे कातडे सैल पडले की ते विस्तवापुढे धरायचे, हाताने चाचपून फिरवायचे आणि टणक आवाज आला की उचलायचे, हे त्याच्या गावात लेकरालाही ठाऊक असते. स्वतःचा ढोल शेकून झाल्यावर त्याने अब्बांचा दाया आणला. उस्ताद परत येतील तेव्हा तबला बोलता असेल, एवढाच त्याचा विचार. ढोलाच्या कातड्यावर शाई नसते. तबल्याच्या पुडीवर मधोमध लोखंडाच्या भुकटीचा तो काळा गोल थरावर थर चढवून बसवलेला असतो आणि त्याला जाळाची आच सोसत नाही. झिंगूला आपली चूक कळली तोपर्यंत शाई तडकून तिच्या खपल्या त्याच्या मांडीवर पडल्या होत्या आणि पुडीला काठापासून चीर गेली होती.

त्याने काही लपवले नाही. फुटलेला दाया उचलून तबल्याच्या खोलीत चौकीवर ठेवला आणि शेजारी उभा राहिला.

मलिकाबाई त्या वेळी पलीकडच्या खोलीत सायमा नावाच्या विद्यार्थिनीला तानपुरा सुरात जुळवायला शिकवीत होत्या. मधे एक भिंत. नूरुद्दीनची पावले आत आलेली त्यांनी ऐकली. ती चौकीपाशी थांबली. मग त्याचा आवाज आला, अगदी साधा, वर्गात हजेरी घ्यावी तसा.

"कोणत्या हातानं उचलला?"

"यानं, उस्ताद. चूक झाली माह्याकडून. नवीन पुडी मी..."

"चौकीवर ठेव."

ठक्.

गट्टा ठोकतोय, असे मलिकाबाईंना वाटले. एवढेच नव्हे, ठोका स्वच्छ आहे असेही वाटले.

ठक्. आणि त्या ठोक्यावर एक किंकाळी, रानात फासात सापडलेल्या जनावराची असते तशी. सायमाच्या हातून तानपुरा निसटला.

ठक्.

मलिकाबाई धावल्या. झिंगू गुडघ्यांवर होता. त्याचे मनगट नूरुद्दीनने चौकीवर आपल्या गुडघ्याखाली दाबून धरले होते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट सपाट झाले होते, नखे उलटली होती आणि एका पेरातून हाडाचे पांढरे टोक वर आले होते. रक्त चौकीवरून ओघळून अब्बांच्या फुटक्या तबल्याखाली जमत होते. नूरुद्दीन श्वाससुद्धा जोरात घेत नव्हता. हातोडीचे तोंड तो शेरवानीच्या टोकाला पुसत होता.

"सोड त्याले," मलिकाबाई म्हणाल्या. त्याने सोडले. हातोडी त्यांनी त्याच्या हातून काढून घेतली आणि आपल्या पिशवीत टाकली. ओढणी फाडून त्या झिंगूचा हात बांधू लागल्या, तोच दारात सुकरी आली. झिंगूची बायको. कार्यक्रमासाठी सकाळीच गावाहून आली होती, अंगावर नवे लुगडे, अंबाड्यात फूल. तिने आधी नवऱ्याचा हात पाहिला, मग नूरुद्दीनची शेरवानी पाहिली. कोपऱ्यात टेकवलेली ढोलाची जाड काठी तिने उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. नूरुद्दीन भिंतीवर आदळला. ओठ फाटला, दोन दात रक्ताबरोबर फरशीवर पडले. पहिला घाव मलिकाबाईंनी पडू दिला. दुसऱ्यासाठी उगारलेली काठी मात्र त्यांनी वरच्या वर धरली, कारण ती कपाळाच्या रोखाने येत होती आणि सुकरीला फाशी व्हावी असे त्यांना वाटत नव्हते.

"आता बस," त्या म्हणाल्या आणि मागून आलेल्या सायमाकडे वळल्या. "जीप बोलाव."

दवाखान्यात डॉक्टरांनी हात पाहून सांगितले की दोन्ही बोटे काढावी लागतील. झिंगूला सुई टोचली होती, पण तो जागा होता. वॉर्डातल्या लोखंडी खाटेवर पट्टी बांधलेला हात उराशी धरून तो छताकडे पाहत पडला होता. समोरच्या स्टुलावर नूरुद्दीन, ओठाला टाके घातलेला. दोघांच्या मधे पोलीस ठाण्याचे जमादार धनराज वही घेऊन उभे. त्यांची स्वतःची मुलगी मलिकाबाईंकडे गाणे शिकत होती.

"दार लागलं त्याच्या हातावर," नूरुद्दीन बोबड्या आवाजात म्हणाला. "वाऱ्यानं."

"दार हातोडी घेऊन फिरते काय?" सुकरी म्हणाली.

जमादारांनी नूरुद्दीनकडे पाहिले. त्याने ओठाच्या टाक्यांना बोट लावले. "बरं, मारली. माह्या बापाची निशाणी जाळली त्यानं. राग आला, भान गेलं. काय केलं ते मलेच ठाऊक नाई."

"हं." जमादारांनी वही मिटत आणली आणि मलिकाबाईंकडे वळले. "बाई, रागाच्या भरात होऊन जाते माणसाकडून. गुन्हा लिहिला तं हे आत जातील. मंग शाळेत पोट्टे कोण पाठवणार? आपसात मिटवा ना. तुम्ही म्हणाल तसं लिहितो. तुमच्या शब्दाबाहेर मी नाई."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. अहेरीत त्यांचा शब्द चालत असे, आणि आज तो झिंगूच्या दोन बोटांच्या बाजूने पडणार की भावाच्या, एवढेच ठरायचे होते.

नूरुद्दीन हळूच म्हणाला, "आपा, अम्मीनं अब्बाले सांभाळून घेतलं होतं. तूही घेतलं. साठ वर्षं."

मलिकाबाई आपल्या करंगळीकडे बघत राहिल्या. अम्मी पाट्याची गोष्ट सांगायची तेव्हा तिचा चेहरा कसा असे, ते त्यांना आठवेना. अब्बांचा मात्र आठवला. तो कधी रागावलेला नसे.

"जमादार, रागाले लय नसते," त्या म्हणाल्या. "राग आला की माणूस कुठीही मारते, कसंही मारते. याचे तीन ठोके मी भिंतीपलीकडून ऐकले. दुसऱ्यावर झिंगू किंचाळला, तरी तिसरा जागच्या जागी पडला. यानं मोजून मारलं. याचं भान गेलं नव्हतं."

"आता हे मी कागदावर कसं लिहू, बाई? लय म्हणजे पुरावा थोडीच आहे."

"ऐका मंग."

खाटेच्या लोखंडी दांडीवर त्यांनी वाकड्या करंगळीच्या पेराने एक ठोका दिला. ठक्. भिंतीपलीकडून ऐकले होते तेवढेच अंतर सोडून दुसरा. ठक्. आणि हात तसाच अधांतरी धरला.

तिसरा ठोका पडला.

तो मलिकाबाईंचा नव्हता. स्टुलाच्या पत्र्यावर नूरुद्दीनचे बोट पडले होते, नेमके त्याच जागी. आपण वाजवले हे त्याला आवाज ऐकून कळले, आणि परक्याच्या बोटाकडे पाहावे तसा तो त्याकडे पाहत राहिला. त्याच क्षणी खाटेवर झिंगूचा पट्टी बांधलेला हात झटक्याने मागे गेला आणि त्या धक्क्याने दुसऱ्या हातातली सलाइनची नळी निघून जमिनीवर रक्ताचे थेंब पडले.

सुकरीने उठून नळी धरली आणि परिचारिकेला हाक मारली. जमादार स्टुलाकडे पाहत होते, मग खाटेकडे, मग पुन्हा स्टुलाकडे. त्यांनी वही उघडली आणि पेनचे टोपण काढले.

"आपा," नूरुद्दीन म्हणाला.

"तू गप्प बस."

मलिकाबाईंनी पिशवीतून हातोडी काढून जमादारांपुढे खाटेशेजारच्या टेबलावर ठेवली. तिच्या तोंडाशी रक्त वाळले होते. मग आपला उजवा हात त्यांनी तिच्या शेजारी पसरून ठेवला.

"आणि या बोटाचंही लिहा. पाटा पडला नव्हता. अब्बाची हीच हातोडी होती."

"ते कशाले आता, बाई? वारला तो माणूस."

"लिहा," मलिकाबाई म्हणाल्या.