झिंग्यांना निम्मी ट्रॉली

हंबीररावांनी फौजेत सुभेदारी केली आणि परत येऊन पाटणजवळ कोयनेकाठी ऊस केला. दोन्हीकडं त्यांचा नियम एकच: माल कमी पडता कामा नये. त्यामुळं सून दीपमाला खाचरात टोपलीनं खत नेते, हे त्यांना चारचौघांत सांगवत नव्हतं.

खाचरात भात आणि कडेच्या खोल चरात गोड्या पाण्यातली कोळंबी, म्हणजे गावाच्या भाषेत झिंगे. चार महिने मुरवलेलं शेणखत दीपमाला आठवड्यातून एकदा, तेही पाण्याचा रंग बघून, मूठमूठ विस्कटायची. पारावर लोक विचारायचे, "सुभेदार, सूनबाई खत घालत्यात का झिंग्यांना हळदीकुंकू वाहत्यात?"

सुभेदारांनी अट घातली होती. सुगीपर्यंत झिंगे जगले तर खाचर कायमचं सुनेकडं. मेले तर तिथं ऊस. दीपमालेनं लगेच मान डोलावली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तिच्या शब्दानं चालेल असं त्या घरात दुसरं काही नव्हतंच.

कवठे महांकाळचे शेतकरी खाचर बघायला येणार असं कळलं आणि सुभेदारांना चैन पडेना. पाहुण्यांनी काय मूठ बघायची? त्यांनी पलूसच्या रमजानकडनं कोंबडखताची ट्रॉली मागवली.

"साहेब, हे ताजं हाय," रमजान म्हणाला. "पाण्यात नको. आदी मुरवा."

"सेंद्रिय हाय का न्हाई?"

"हाय की. इंचूबी सेंद्रियच असतोय."

"मग ओत रं!"

रमजान बांधावर ट्रॉली ओतून गेला. दीपमाला बाजाराला गेली होती. ती यायच्या आत सुभेदारांनी दोन गडी लावून निम्मी ट्रॉली चरात लोटली.

सकाळी पाहुणे आले, तर झिंगे चराच्या काठावर चढलेले, मिशा हलवत. दुष्काळी भागातली चाळीस माणसं बघतच राहिली.

"आरारा! सोताहून भाईर येत्यात," त्यांच्यातला सिद्धू म्हणाला. "जाळंबी लागत न्हाई गड्या!"

"शिस्त लागती," सुभेदार म्हणाले.

दीपमाला धावत आली. तिनं पाण्यात हात घातला, नाकाशी नेला.

"मामा, ह्यात काय पडलंय?"

"काय पडणार?"

"त्यास्नी दम लागलाय. रोग असंल तर हे पाणी वढ्याला सोडता येत न्हाई, खालच्या लोकांची खाचरं हायती. खत असंल तर आत्ताच्या आत्ता बदलते. सांगा."

सुभेदारांनी चाळीस तोंडांकडं बघितलं आणि घसा खाकरला. तेवढ्यात त्यांच्या बायकोचा, बनुबाईंचा आवाज आला.

"आवं, बोला की! गोळीला भ्यालो न्हाई म्हनून गावभर सांगता, आन् सुनंला भेताय व्हय?"

"कोंबडखत," सुभेदार पुटपुटले. "निम्मी ट्रॉली."

पाहुणे खदखदून हसले. दीपमाला हसली नाही. तिनं खालचा बांध फोडला, वरनं ओढ्याचं पाणी घेतलं आणि पाहुण्यांवर ओरडली, "दात काय काढताय? उतरा, झिंगं उचला, वरच्या पाटात सोडा!" सहलीला आलेली माणसं गुडघाभर चिखलात राबली.

दुपारी पाटात निम्म्याच्या वर झिंगे पोहत होते. बाकीचे चरात उलटे पडले होते. तेवढ्यानं सुभेदारांना धीर आला.

"अटीत निम्म्याचं काय ठरलं नव्हतं," ते म्हणाले.

"आत्ता ठरवूया," दीपमाला म्हणाली. "जगल्यालं झिंगं माजं, आन् खाचरबी माजं. मेल्यालं तुमचं. उचला मामा, उनानं वास सुटंल."

पाहुण्यांतलं कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट झालं. सुभेदारांनी बनुबाईंकडं बघितलं. त्या पदरानं वारा घेत दुसरीकडं बघत होत्या. मग सुभेदारांनी विजार गुडघ्यापर्यंत वर ओढली, चरात उतरले आणि पाहुण्यांकडं पाठ करून एकेक उचलायला लागले.