कॅसेटीसारखं वाजवा

मी बोलतोय, पण एकाच बाजूने. माझा डावा स्पीकर बंद पडल्याला बरीच वर्षे झाली. तेव्हा तुम्हीही एका कानाने ऐकलेत तरी चालेल.

मी टेपरेकॉर्डर. जन्म मुंबईतल्या एका माडीवर. जपानी वाटावे असे नाव माझ्या कपाळावर चिकटवले होते. जपान मी पाहिलेला नाही. १९८४ साली कृष्णकांतांनी मला बोईसरला आणले. ते तिथल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होते. दुसरे कधी आले, कधी गेले हे दिवसभर लिहायचे आणि सुटल्यावर स्वतः कुठे गेले याचा पत्ता घरी लागू द्यायचा नाही, अशी त्यांची वाटणी होती.

ते जात गाणी ऐकायला. पण साधी नव्हेत. जे गाणे दुसऱ्या कोणाला माहीत आहे, ते त्यांना शिळे वाटे. शेजारी एखादी चाल गुणगुणू लागला की ती कॅसेट त्याच दिवशी कपाटातल्या मागच्या रांगेत जाई. पालघर स्टेशनाबाहेर रामनाथचे कॅसेटचे दुकान होते. तिथला त्यांचा संवाद मला पाठ आहे.

"रामनाथ, नवीन काय?"

"हे घ्या. सगळीकडे हेच वाजतंय."

"मग राहू दे. कोणीच नेत नाही असं काही?"

"तसा दुकानात मी एकटाच आहे, साहेब. न्या."

मग आम्ही सायकलवर निघायचो. मी कॅरियरवर, टॉवेलात गुंडाळलेला. सफाळ्याचा एक ब्रास बँड होता. त्यातला क्लॅरिनेटवाला मध्येच दम खायला थांबे आणि ते कोणाच्याच लक्षात येत नसे. मनोरकडे एकाने तारप्याला पेटीची जोड दिली होती. दोन्ही वाद्ये आपापल्या गावी चालल्यासारखी वाजत. श्रोते जितके कमी तितके कृष्णकांत खूश. वाजवणाऱ्यांपेक्षा ऐकणारे कमी भरले, तर परतताना ते घंटी वाजवत सायकल चालवायचे.

अशाच फिरण्यात शिरगावची बेंजो पार्टी सापडली. नवशा होड्या रंगवायचा, बेंजो वाजवायचा आणि गायचा. त्याचा मेहुणा जानू ढोलकीवर. हळदीला वाजवणाऱ्या पार्ट्या तेव्हा गावोगाव होत्या. पण नवशा स्वतः गाणी रचायचा, स्वतः चाली लावायचा. कृष्णकांतांना ब्रह्मानंद झाला.

हळदीला लोकांना मात्र सिनेमाची गाणी लागत. ती सुरू झाली की मांडव हलायचा. नवशाची गाणी कधी, तर पंगत बसल्यावर. लोक वालाच्या भाजीकडे बघत आणि नवशा लोकांकडे.

"माज्या गाण्यावर एक मानूस उठू दे," नवशा म्हणायचा. "एकच!"

"उठतात ना," जानू म्हणायचा. "हात धुवाला."

पण त्या वर्षी जानूने ढोलकी मांडीवरून खाली ठेवून सांगितले, "हा सीझन तुजा. नाय कोन उठला, तर पुढं पिक्चरचीच वाजवाची. तुजी गानी तू होड्यांना आयकव."

नवशा बेंजोच्या तारा तेवढ्या पुसत बसला.

कृष्णकांतांनी ठरवले, या गाण्यांची कॅसेट काढायची. जागा ठरली शिरगावच्या किल्ल्याजवळची वाळू, वेळ दुपारची. तारापूरला वीज तयार होते हे खरे, पण ती किनाऱ्यावर वाळू उकरून मिळत नाही. म्हणजे सेल आले.

आता सेलांचे सांगायला हवे. कृष्णकांत संपलेले सेल टाकून देणाऱ्यांतले नव्हते. ते उन्हात वाळवत. त्याने सेलांत पुन्हा जीव येतो अशी तेव्हा घरोघर श्रद्धा होती. गच्चीवर एका बाजूला नर्मदाबाईंचे बोंबील, दुसऱ्या बाजूला त्यांच्या यजमानांचे सेल. राखण करायला एकच काठी. बोंबील वाळून बोंबील होत. सेल वाळून नुसते गरम होत.

तर असे वाळवलेले सेल पोटात घेऊन मी वाळूवर बसलो. माझी मोटर फिरत होती, पण निर्जळी एकादशीला डोंगर चढणाऱ्या माणसासारखी. नवशाने डोळे मिटून सुरुवात केली:

"लाल रंगाची होरी माजी, बघून पाय टाक गो..."

गाणे गोड होते आणि फारच सावकाश होते. भरती येईस्तोवर थांबायची त्याची तयारी होती. संपल्यावर आम्ही तिथेच लावून ऐकले. उत्तम आले होते. कारण ऐकवतानाही मी तितकाच पेंगत होतो.

घरी येऊन कृष्णकांतांनी मला भिंतीतल्या विजेवर लावले आणि माझ्या अंगात वारे शिरले! पेंगत भरून घेतलेले गाणे मी आता पूर्ण वेगाने बाहेर काढू लागलो. ढोलकी उधळली. बेंजोला पाय फुटले. नवशाचा आवाज नथ घालून आल्यासारखा झाला.

नर्मदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, हे कोण? माणूस गातंय की मुंगूस पळतंय?"

"ही त्यांची नवी शैली आहे," कृष्णकांत डोळे मिटून म्हणाले. "वाळूवर माझ्या लक्षात नव्हती आली."

"शैली कसली! ते सेल बघा तुमचे."

"तुला संगीतातलं कळत नाही."

नर्मदाबाई केळव्याच्या. वाळलेले काय आणि मेलेले काय, हे त्यांना पुरते कळत होते. पण वाटण वाटताना त्याही ते गाणे म्हणू लागल्या, त्याच वेगाने, त्याच पट्टीत. त्यांच्या गळ्याला ते शिवून घेतल्यासारखे बसले.

कृष्णकांतांनी ऐकायला दिलेली ती कॅसेट रामनाथने दुकानात लावली मात्र, भाजीवाल्या टोपल्या डोक्यावर घेऊन तिथेच ठेका धरू लागल्या. थोड्याच दिवसांत केळव्याहून नर्मदाबाईंच्या चुलतभावाचा निरोप आला. मुलीची हळद आहे, ती कॅसेटवाली पार्टी पाहिजे.

पार्टी संध्याकाळी मांडवात पोहोचली तेव्हा मी तिथल्या विजेवर जोरात सुरू होतो. नवशा ऐकत उभा राहिला.

"हा कोन गातो?"

"तुम्हीच," कृष्णकांत अभिमानाने म्हणाले.

"मी? माज्या मागं कुत्रा लागलावता काय?"

पंगत बसली. नवशाने गाणे त्याच्या मूळ चालीत, सावकाश सुरू केले. लोक जेवायचे थांबले. त्याला आनंद झाला; तो टिकला नाही.

"ए, हा त्ये नाय!" नवरीचा मामा पानावरून ओरडला. "कॅसेटीसारखं वाजवा! नायतं पिक्चरचं लावा!"

जानूने नवशाकडे पाहिले. त्याची बोटे ढोलकीवर सिनेमाच्या ठेक्यासाठी तयारच होती.

"धाव," नवशा म्हणाला.

ते धावले. नवशाचे हात धावले, ढोलकी धावली, पण गळा काही वर चढेना. पहिल्याच ओळीला आवाज फाटला आणि पोरे खो खो हसू लागली. "पिक्चरचं! पिक्चरचं!" सुरू झाले. नवशाने बेंजोवरचे हात उचलले.

तेवढ्यात नवरीला हळद लावणाऱ्या बायकांतून नर्मदाबाई उठल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे.

"नवशाभाऊ, हात थांबवू नका. तोंडाचं मी बघते."

आणि त्या सुटल्या! वाटणाच्या पाट्यावर घोटलेले ते गाणे त्यांनी असे फेकले की खांबावरचा दिवा हलला. जानूच्या ढोलकीतून पावसाळी नदी बाहेर पडली. आचारी डाव घेऊन नाचू लागला. नवरीला पाटावर धरून ठेवावे लागले, तर ती बसल्या जागी खांदे उडवू लागली. वाढपी वाल घेऊन फेर धरू लागले. वाल सर्वांना मिळाले, काहींना डोक्यावर. मामा पानावरून उठला, त्याच्या मागे अख्खी ओळ उठली.

"नवशा!" जानू ओरडला. "उठलं रं! हात न धुता उठलं!"

नवशाला उत्तर देता येत नव्हते. तो हसत होता, रडत होता आणि बेंजोच्या पट्ट्यांवर बोटे पळवत होता. तिन्ही कामे एका वेळी मी कोणाला करताना पाहिलेली नाहीत.

मग जानूने सिनेमाचे नाव काढले नाही. वसईपासून डहाणूपर्यंत हळदीला नवशाचे गाणे लागू लागले आणि नर्मदाबाई पार्टीच्या गायिका झाल्या. सर्वांचे भले झाले, एक कृष्णकांत सोडून. "आता ते सगळेच ऐकतात," असे म्हणून त्यांनी ती कॅसेट मागच्या रांगेत टाकली. स्वतःच्या बायकोच्या कार्यक्रमालाही ते जाईनात. गर्दी फार असते, म्हणत.

आता १९९८ साल आहे. माझा मुक्काम स्वयंपाकघरातल्या फळीवर, मीठ आणि कोकमांच्या मध्ये. आज नर्मदाबाई डहाणूला हळदीत गायला गेल्या आहेत. कृष्णकांत निवृत्त होऊनही सुधारलेले नाहीत. वाणगावला कोणी दोघे भाऊ तेलाच्या डब्यांवर काहीतरी वाजवतात, ते ऐकायला गेले आहेत. आजवर ते कोणी ऐकलेले नाही म्हणे. जाताना उड्या मारत गेले.

तुमच्यापैकी कोणी आपले गाणे लोकांच्या पाठीकडे बघून गात असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. गाणे बरे की वाईट हे मी विचारणार नाही. तेवढी अक्कल माझ्यात कोणी बसवलेली नाही. त्याने फक्त समोर बसून गावे. गाणे भरून घ्यायचे माझे लाल बटण अजून खाली जाते. जरा जोर लावून दाबा.